खाडीतून पाहिलेला पिक्चर

मासळीबाजारात चाळीस वर्षं काढलेल्या मनुबाई कोळीण कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. पण त्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या अगदी अंग चोरून बसल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

ठाण्याच्या खाडीकाठी आज जिथे हे टॉवर उभे आहेत, तिथे पूर्वी ड्राइव्ह-इन थिएटर होतं. भलामोठा पडदा, समोर गाड्यांच्या रांगा आणि दर गाडीच्या काचेला अडकवलेला एकेक स्पीकर. ते बंद पडूनही आता तीस वर्षं झाली. सोसायटीने त्याच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला, आणि मनुबाईंची नात प्राप्ती नेमकी तिथल्याच ऑफिसात नोकरीला. पोरीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! तिने सेक्रेटरींना सांगून टाकलं, “आमच्या आजीने इथे शंभरेक पिक्चर बघितलेत.”

बघितले होते, खोटं कशाला बोला? पण खाडीतून. शेवटच्या रांगेमागेच खाडी होती. दिवेलागणीनंतर कोळीवाड्यातली माणसं काठाला होड्या लावून पडद्याकडे तोंड करून बसत. चित्र फुकट मिळे, आवाज मात्र गाड्यांच्या आत. मग नायकापासून सासूपर्यंत सगळ्यांचं बोलणं मनुबाईच मनाने रचून मोठ्याने म्हणत. आज हे फुकटचं प्रकरण उघडं पडलं तर ऑफिसात पोरीची मान खाली जाईल, ही त्यांना धास्ती होती.

लोक उठून फियाट गाड्यांच्या आणि घरून नेलेल्या बटाटेवड्यांच्या गोष्टी सांगत होते. “आजी, आता तुझा नंबर,” प्राप्ती म्हणाली.

“मना नाय जमाचा,” मनुबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे राहिले. रत्नदीप जाधव, खोपटच्या चाळीत वाढलेले.

“माझे बाबा दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. एकदाच आम्हाला इथे घेऊन आलेले. टॅक्सीत आम्ही सहा जण, शेवटची रांग, आणि नेमका आमचाच स्पीकर बंद. आई हिरमुसली. इतक्यात मागून, खाडीकडून, एक बाई सगळ्यांचे डायलॉग बोलायला लागली. पडद्यावर सासू सुनेला झापतेय, आणि ही म्हणते, ‘ए बाय, रडू नको, तिला सुकट मिलली नाय सकालपासून!’ आई पोट धरून हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. पण बाबांना टॅक्सी वेळेत परत द्यायची होती, म्हणून आम्ही मधेच निघालो. ती सून ट्रंक घेऊन घराबाहेर पडलेली, तिचं पुढे काय झालं, हे आई अजून विचारते. पिक्चरचं नाव कुणालाच आठवत नाही.”

आपलं बोलणं गाड्यांपर्यंत पोचत असेल, हे मनुबाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी एकदा प्राप्तीकडे पाहिलं आणि त्या उठल्या.

“ती मीच व्हती. आमी होरीन बसून बगाचो. तिकीट कवा काडला नाय. काय बोलाचा ता मना बोला, माज्या पोरीला नको.”

प्राप्तीने उठून आजीचा हात घट्ट धरला. रत्नदीपने खिशातून फोन काढून घाईघाईने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि दोन्ही हातांनी फोन मनुबाईंपुढे धरला.

“मावशी, आई आहे. शेवट सांगा ना.”

तो पिक्चर कुठला, मनुबाईंना काही केल्या आठवेना. पण न आठवण्याने त्या आधी तरी कधी अडल्या होत्या? त्यांनी पदर खोचला आणि पाण्यावरून हाक घालावी तसा आवाज लावला.

“ऐक गो बाय! ट्रंक घेऊन निंगाली ती. मागं वलून बगला पन नाय. नवऱ्यानं हाका मारल्या, सासू दारान येऊन उबी ऱ्हायली. पन ही स्टेशनावर गेली, ठान्याला उतरली. पयल्या दिसा रडली. दुसऱ्या दिसा पाटी घेऊन बाजारान बसली, न कुनाच्या बापाला भ्याली नाय!”

फोनमधून खोपटची म्हातारी खदखदून हसली.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “परत जाणारी नव्हतीच ती.”