नवसाबाईंची कॅसेट

रविवारी दुपारी नाशिकरोडच्या घरात नवसाबाई मेथी निवडत होत्या. मनमाडला निघालेल्या लेकीची पिशवी त्यांनी पुढ्यात ओढून घेतली होती.

"भाजी मनमाडलाही मिळते, आई," वत्सला म्हणाली.

"मग ही कॅसेट ने. गाणी हायेत. निवांत ऐक. मागच्या पट्ट्या मोडल्यात मी, तू शिकवलंस तशा. आता तिच्यावर दुसरं काय भरता येत नाय."

"एवढं काय गायलीस गं?"

"ऐकलं म्हंजे कळंल. मास्तरीण झाली, पण दम नाय."

टेपरेकॉर्डर वत्सलानेच आणून दिला होता. विहारातल्या महिला मंडळाची रीत अशी, की सरावाचं गाणं भरण्याआधी आपलं नाव, वार आणि तारीख बोलायची.

गुरुवारी मनमाडच्या शाळेत आई गेल्याची तार आली. आई मोरीत पाय घसरून पडली, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. शेजारच्या साळूबाई तिथेच बसून ऐकत होत्या. लहानपणी त्याच कधीतरी विचारायच्या, "काल तुमच्याकडं कसला आवाज होता गं?" आणि वत्सला उत्तर द्यायची, "रेडिओ होता, मावशी."

पुण्यानुमोदन झाल्यावर ती मनमाडला परतली. आईचा आवाज कानावर पडावा, एवढ्यासाठीच तिने कॅसेट लावली.

"नवसाबाई. वार शनिवार, नऊ मार्च पंच्याऐंशी."

गाण्याच्या दोन ओळी झाल्या. दार वाजलं, वडिलांचा आवाज आला, भांडं पडलं. मग आई बोलली. आवाज चढलेला नाही, की रडवेला नाही.

"भिमाजी सयाजी पगारे, तुमच्या हातात कमरेचा पट्टा हाय. मी गाणं म्हणत होते. मला का मारता?"

वत्सला जागची उठून उभी राहिली. आईने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं, तर ती लेकीला पुढे करायची. आता प्रत्येक फटक्यानंतर ती ते पूर्ण नाव घेत होती, शांतपणे, जणू न पाहिलेल्या कुणाला एकेक गोष्ट दाखवून देत होती. कॅसेटची बाजू संपेपर्यंत आईने टेप बंद केला नव्हता. एवढी मोठी बाई आपल्याच घरात मेथी निवडत होती, या विचाराने वत्सलाचे हात जोडले गेले. तशीच ती कॅसेट घेऊन पोलिसांकडे गेली.

पुढच्या वर्षी नाशिकच्या कोर्टात खटला उभा राहिला. टेप लावला, तेव्हा फायली बांधणारा शिपाई सुतळी हातात धरून तसाच थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नवसाबाई कोर्टाला नाव, वार, तारीख सांगत होत्या.

कॅसेट संपली. आता सगळं वत्सलाच्या साक्षीवर होतं. आवाज कुणाचा, हे ओळखीच्या माणसाने सांगितल्याशिवाय त्या कॅसेटला पुराव्याची किंमत नव्हती. समोर वडील बसले होते. वर्षभरात वाळले होते. लहानपणी तिला गप्प करायला बघायचे, तसं त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

त्यांचे वकील उठले. "बाई, बायकोने नवऱ्याचं नाव असं घेतलेलं कधी ऐकलंय तुम्ही? नाटकातला संवाद असेल हा. रेडिओवर लागतात तसला."

वत्सलाने पिंजऱ्याचा कठडा धरला. मागच्या बाकावर साळूबाई बसल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघूनच बोलली.

"रेडिओ नव्हता, मावशी. कधीच नव्हता. हा माझ्या वडिलांचा आवाज आहे. ते माझ्या आईला मारायचे."