पुढं म्हणजे कुठं

अण्णांची बोट नवापूरच्या खाडीत उतरली त्याच दिवशी गावाने तिचं नाव ठेवलं : शेंग. ती खरोखरच शेवग्याच्या शेंगेसारखी होती. रुंदीला बसणाऱ्याच्या कमरेहून थोडीच जास्त, लांबीला मात्र मासेमारीच्या लहान होडीपेक्षा मोठी. लाकूड इतकं पातळ की टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखं वाजे. आत दोन रुळांवर मागेपुढे सरकणारी छोटी सीट, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले लोखंडी हात, आणि त्या हातांच्या टोकांना अडकवलेली दोन लांब वल्ही.

अण्णा म्हणजे शांताराम चुरी. पुण्यात इंजिनिअरिंग शिकत असताना ते नदीवर अशी बोट चालवत. नंतर बोईसरच्या कारखान्यात नोकरी, घरची चिकूची वाडी, मुलींची लग्नं. निवृत्त झाल्यावर, १९८६ साली, पुण्याच्या एका क्लबाने मोडीत काढलेली ही बोट त्यांनी मागून घेतली आणि रिकामे ड्रम घेऊन परतणाऱ्या ट्रकवर बांधून गावी आणली. मी तेव्हा गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि त्यांच्याच घरी मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. पुस्तकात तरफेची जी चित्रं असतात, त्यांतली दोन-तीन एकाच वेळी हलताना मला त्या बोटीत दिसत. म्हणून सुट्टीच्या दिवशी भरती सकाळची असली की मी धक्क्यावर जायचे.

पहिल्या हिवाळ्यात अण्णांनी बोटीत दोन बदल केले. पाय टेकवायची फळी खाली घेतली, कारण गुडघे पूर्वीइतके दुमडत नव्हते. आणि वल्ह्यावर चामड्याचा जो पट्टा असतो, ज्याच्यापाशी वल्हं लोखंडी हाताला टेकतं, तो पात्याच्या दिशेने दोन बोटं सरकवला. त्यामुळे वल्ह्याचा पाण्याकडचा भाग आखूड होतो, हाताकडचा लांब होतो आणि ओढ हलकी पडते. तोटा एवढाच की मुठी एकमेकींच्या जास्त वर येतात आणि कधीकधी बोटं चेचतात. हे काम त्यांनी पडवीचं दार लावून केलं. मी पट्टा बांधायचा दोरा धरून बसले होते.

“बाहेर बोलू नका, बाई,” ते म्हणाले. “काठावरून कळत नाही.”

काठावरून कळणार नाहीत असे बदल त्यांना चालत होते. मान मात्र त्यांना लपवता येत नव्हती.

अशा बोटीत माणूस पाठमोरा बसतो. बोट जिकडे जाते तिकडे त्याची पाठ असते, आणि तिकडचं काही बघायचं तर खांद्यावरून मान वळवावी लागते. अण्णांना मानेचा स्पाँडिलायटिस होता. पालघरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो खुंटीला टांगलेला असे. मान खांद्यापर्यंतही जात नव्हती. यावर त्यांनी उपाय काढला होता. धक्क्यामागे दोन ताड होते, एक जवळ आणि एक लांब. समुद्राकडे निघालं की ते दोन ताड त्यांच्या नजरेसमोर मागे पडत जात. ते एकामागे एक दिसत राहिले तर बोट सरळ चालली आहे असं समजायचं. म्हणजे सोडून आलेल्या खुणांवरून जायची दिशा ठरवायची. रीत बरोबर होती, फक्त वाटेत काही नवीन उभं राहता कामा नये.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर आत्मारामने जाळी बांधायचे खांब जागा बदलून रोवले. आत्माराम हा गावातला तांडेल, अण्णांच्याच वयाचा. आपल्या होडीवर सुकाणू धरून तो पुढे बघत उभा राही आणि खलाशी पाठमोरे बसून वल्ही मारत. एकट्याने पाठमोरं जाणारा माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

“अण्णा,” तो रोज विचारी, “पाठीला डोळे फुटले का नाय अजून?”

त्या रविवारी सकाळी मी धक्क्यावर होते. शेजारी अण्णांची बायको, मंदाकाकू, बोंबील घ्यायला आल्या होत्या. अण्णा नुकतेच निघाले होते आणि तोंड आमच्याकडे करून झपाझप लांब जात होते. खांब पहिल्यांदा काकूंना दिसले.

“अहो, पुढं बघा!” त्या हात हलवत ओरडल्या. “पुढं खांब आहेत, पुढं!”

अण्णांनी पुढे बघितलं. त्यांच्या पुढे आम्ही होतो, धक्का होता आणि दोन ताड होते. त्यांच्या आणि आमच्या मध्ये स्वच्छ पाणी होतं. त्यांनी हसून मान डोलवली आणि आणखी जोराने वल्ही ओढली.

लोखंडी हात खांबात अडकला, शेंग गर्रकन वळली आणि उलटली. पाणी छातीएवढंच होतं, पण खाली चिखल. आत्मारामने होडी नेऊन त्यांना वर घेतलं.

धक्क्यावर आल्यावर, अंगावर चिखल तसाच असताना, अण्णा म्हणाले, “मंदा, तू पुढं म्हणालीस.”

“पुढंच होते खांब.”

“माझ्या मागं होते!”

“बोटीच्या पुढं होते ना? मी बोटीबद्दल बोलत होते.”

“बोटीत मी बसलोय! माझ्या पुढं तू होतीस!”

“मग मला तरी नीट बघायचं. मी काय आरती ओवाळत होते, हात असे करून?”

आत्माराम होडी बांधत होता. “वयनींचं बरोबर हाय,” तो म्हणाला. “बोट जाते तो पुढा. तुमी उलटे बसलात त्याला दर्या काय करील?”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. काकूंनी बोंबिलांची पिशवी उचलली. “एक सांगते,” त्या म्हणाल्या. “मागचं बघायची सोय झाल्याशिवाय आता एकट्याने जायचं नाही. नाहीतर ती शेंग मी वाडीत कुंपणाला लावीन.”

काकू फार बोलत नसत, म्हणून हे खरं होतं.

वाकलेला लोखंडी हात सरळ करायला आम्ही बोईसरला गेलो, आणि तिथेच रिक्षाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात अण्णांनी आरसा मागितला.

“अंकल, रिक्षा कौनसी है?” दुकानदाराने विचारलं.

“रिक्षा नहीं. बोट है.”

दुकानदाराने आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि आरसा कागदात गुंडाळून दिला.

रिक्षाचा आरसा बहिर्गोल असतो. त्यात जास्त जागा दिसते, पण वस्तू लहान दिसते आणि म्हणून लांब वाटते. हे किती वाटतं ते बघायला आम्ही अंगणात प्रयोग केला. अण्णा आरसा धरून अंगणाकडे पाठ करून स्टुलावर बसले. काकूंनी विहिरीपासून चालत यायचं आणि त्या दोन हातांवर आल्या असं वाटलं की अण्णांनी ‘थांब’ म्हणायचं.

काकू चालत आल्या. अण्णा आरशात बघत होते. काकूंचा गुडघा स्टुलाला लागला.

“थांब,” अण्णा म्हणाले.

“मी आले सुद्धा,” काकू म्हणाल्या. “आणि मी पाय तरी आवरला. खांब आवरणार आहे का?”

मग सपाट आरसा घेतला. दाढीच्या आरशातून काचवाल्याकडून एक पट्टी कापून आणली. ती बोटीला लावून उपयोग नव्हता, कारण सीट सरकते, तिच्याबरोबर डोकं सरकतं, आणि आरशात कधी आभाळ तर कधी स्वतःचं कपाळ दिसतं. म्हणून पट्टी टोपीच्या पुढच्या कडेला तारेने बसवली. वापरायचा नियम मी कागदावर आकृती काढून तपासला. अडथळा आरशात ज्या बाजूला दिसेल, त्याच बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. बोट त्याच्यापासून दूर वळते. डावं-उजवं असा विचार करायची गरज पडत नाही.

ती टोपी घालून अण्णा धक्क्यावर आले तेव्हा गावातली कोळीण झुंबर तिथे मासळी निवडत बसली होती.

“अण्णा, पाण्यात जाऊन दाढी करनार का?” तिने विचारलं. “घरात पानी नाय?”

बाकीच्या बायका हसल्या. अण्णांचे कान लाल झाले, पण ते बोटीत बसले. जाताना सगळं ठीक झालं. खांब आरशात दिसले, त्या बाजूचं वल्हं ओढलं गेलं, बोट बाजूने निघून गेली. मी काठावरून हात हलवला.

परतीचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. समुद्राकडे जाताना पाठ पश्चिमेला असते आणि आरशात पश्चिम दिसते. येताना पाठ पूर्वेला होते. सकाळची वेळ होती. आरशाची पट्टी थेट सूर्याकडे झाली आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या उजेडाशिवाय काही राहिलं नाही. खाडीच्या मध्यावर त्यांनी वल्ही सोडली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्मारामची होडी त्यांच्या बाजूने येत होती. तिने शेंगेला दोरी लावली आणि ओढत आणलं. या वेळी झुंबरही काही बोलली नाही, आणि ते अण्णांना जास्त लागलं असावं.

“माजी जुनी होडी पडून हाय,” आत्माराम दोरी सोडताना म्हणाला. “रुंद हाय, उलटनार नाय. सुकाणूकडं एक मानूस बसंल. त्याचं तोंड पुढं, तुमचं त्याच्याकडं.”

“ते म्हाताऱ्यांचं काम,” अण्णा म्हणाले.

“मंग तुमी कोन?”

त्यानंतर बरेच दिवस अण्णा पाण्यावर गेले नाहीत. भरतीच्या वेळी ते धक्क्यावर येऊन उभे राहत आणि परत जात. घरात ते पेपर दोनदा वाचत. पायऱ्या चढताना कठड्याला धरू लागले. काकूंनी हे सगळं पाहिलं, पण अट मागे घेतली नाही.

एका सकाळी अण्णांनी माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. मी गेले तर शेंग पडवीत नेहमीसारखी उलटी नव्हती, सरळ ठेवलेली होती, आणि अण्णा तिच्या रुळांचे स्क्रू काढत होते.

“सीट आत्मारामच्या होडीत बसेल का?” त्यांनी विचारलं.

मी मापं घेतली. बसत होती. लोखंडी हात मात्र होडीच्या रुंदीला जास्त होत होते. ते आखूड करून सुताराने कडेला पक्के केले. वल्ही तीच ठेवली.

सुकाणूकडे आपणच बसणार असं आत्मारामने धरून चाललं होतं. होडी पाण्यात ढकलून तो चढू लागला.

“तू नको,” अण्णा म्हणाले. “तू मला खलाशी म्हणशील.”

“खलाशीच की! वल्ही मारील त्याला काय मामलेदार म्हनू?”

“मी बसते,” मंदाकाकू म्हणाल्या.

अण्णांनी मान जितकी वळली तितकी वळवली. “तुला पोहता येत नाही.”

“तुम्हाला मागं बघता येत नाही. झालं सारखं.”

काकूंचं माहेर उमरोळीचं, घरी भाजीचे वाफे. त्यांनी होडीत पाऊल आजवर फक्त पलीकडे जाण्यापुरतं टाकलेलं. त्या दोन्ही कडा घट्ट धरून बसल्या. अण्णा त्यांच्याकडे तोंड करून बसले.

“आता पुढं आणि मागं हे शब्द बंद,” अण्णा म्हणाले.

“आणि डावं-उजवं पण,” मी काठावरून म्हणाले. “तुमचं डावं ते काकूंचं उजवं.” आरशाचा नियम इथेही चालत होता. अडथळा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात काकूंनी वर करायचा, आणि अण्णांनी त्याच बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. दोन्ही हात वर केले की थांबायचं.

“म्हणजे मी आता आरसा,” काकू म्हणाल्या.

“सपाट,” अण्णा म्हणाले.

होडी निघाली. शेंगेसारखी ती सुटत नव्हती. प्रत्येक ओढीला थोडी जाई आणि बसल्यासारखी होई. खांबांपाशी काकूंनी एक हात वर केला, अण्णांनी त्या बाजूचं वल्हं ओढलं आणि खांब चांगले वावभर लांब राहिले. आत्माराम धक्क्यावर विडी ओढत बघत होता. मध्यावर पोहोचल्यावर काकूंचे दोन्ही हात एकदम वर गेले. अण्णांनी वल्ही पाण्यात रोवली. होडी थबकली आणि आडवी होऊन वाहू लागली.

पाणी शांत होतं. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

“काय आहे?”

“काय असायचंय?”

“मग थांबवलंस कशाला?”

“मी कुठं थांबवलं? पदर उडाला, तो धरला!”

झुंबरला हसू आवरेना. “वयनी,” ती ओरडली, “पदर खोचून घ्या! तांडेलाला पदर नसतो!”

काकूंनी पदर कमरेला खोचला. होडी पुन्हा चालू लागली, खाडीच्या तोंडापर्यंत गेली आणि वळली. येताना सूर्य काकूंच्या डोळ्यांवर होता. एक हात कपाळावर आडवा धरून त्यांनी दुसऱ्या हाताने खुणा केल्या, आणि कपाळावरचा हात अण्णांनी खुणेत धरला नाही.

होडी धक्क्याला लागली तेव्हा अण्णांना धाप लागली होती. ते बराच वेळ गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले. सगळे जमले होते : आत्माराम, झुंबर, मासळी घ्यायला आलेल्या दोघीतिघी.

“बाई,” अण्णा म्हणाले, हळू नाही, “पट्टा आणखी दोन बोटं पात्याकडे घ्या. ही मला जड जातेय.”

मी तिथेच धक्क्यावर बसून ओल्या दोऱ्याची गाठ सोडवू लागले. झुंबर वाकून बघायला लागली.

“ह्यानं काय होतं?” तिने विचारलं.

“ओढायला हलकं पडतं,” अण्णा म्हणाले. “वय झालं की करतात. मी आधी पण एकदा केलंय.”

“अहो,” होडीतून काकू म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. “हे नंतर सांगा. आधी मला उतरवा.”