द्राक्षमळ्यातली पिकदाणी

मी पिकदाणी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. थुंकायला तुम्हा सगळ्यांनाच येतं, पण ते झेलणारीचं नाव काढलं की तोंडं वाकडी होतात. जन्मभर हेच पाहत आले, त्यामुळे आता राग येत नाही. दोन घटका बसून ऐकून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

माझा जन्म अचलपूरचा. तिथे गुलाम नबी नावाचे पितळी भांडी घडवणारे एक कारागीर होते. त्यांच्या लेकीचं, सईदाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एक पानदान घडवलं आणि त्याच्या जोडीला मला. पसरट तोंड, बारीक कंबर आणि जड बूड. कुणाचा पाय लागला तरी कलंडू नये म्हणून बूड मुद्दाम जड ठेवलेलं. काठावर वेलबुट्टी कोरली. लेकीला म्हणाले, "पानदान तो सबको दिखता, बेटा. इसको मैंने उससे बी ज्यादा जतन से ठोका."

सईदाबींच्या घरात मला उगालदान म्हणत. जेवणं झाली की पानदान उघडायचं, चुना-काताचा वास सुटायचा आणि गप्पांना बहर यायचा. शेजारणी यायच्या, लग्नं जुळवायच्या, मोडायच्या, आणि अधूनमधून माझ्याकडे वाकायच्या. एखाद्या पाहुण्याने कोपऱ्यात पिंक टाकली की सईदाबी कडाडायच्या, "सामने उगालदान रखा है, फिर बी कोने में थूकते! आँखाँ हैं कि बटन?" रोज सकाळी मला चिंचेने घासायच्या. घाण पोटात घ्यायची आणि सकाळी लख्ख व्हायचं, हा माझा संसार होता. त्या घरात मला एकटेपणा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मग सईदाबींचे दात गेले. पान कुटून खाऊ लागल्या, पुढे तेही सुटलं, आणि एके दिवशी त्याही गेल्या. घरातली नवी पिढी सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारी. ती मोटारसायकलवरून जाता जाता रस्त्यावर थुंकते, तिला माझा काय उपयोग? नातवाने, जुबेरने, सगळं पितळ अमरावतीच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दिलं. मुलगा वाईट नव्हता. देताना त्याने मला आपल्या सदऱ्याने पुसलं आणि क्षणभर हातात धरून ठेवलं. मग दुकानातल्या फळीवर माझ्यावर धूळ साचत गेली.

तिथून मला नितेशने उचललं. अचलपूरहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर या तरुणाची काळ्या मातीची जमीन आहे. आजूबाजूला सगळ्यांची संत्री, आणि याने लावली वाइनची द्राक्षं. गाव हसलं. हा हसणाऱ्यांकडे पाहतच नव्हता. मळ्याच्या कडेला त्याने टाक्या बसवल्या, वाइन करू लागला आणि शनिवार-रविवार संध्याकाळी पाहुण्यांना बोलावू लागला. चिखलदऱ्याला जाणारे-येणारे, अमरावती-अकोल्याचे हौशी लोक यायचे. ऊन उतरलं की त्यांना वेलींच्या रांगांमधून फिरवायचं. सूर्य तुरीच्या शेतांपलीकडे टेकला की मांडवाखालच्या लांब टेबलाशी आणायचं आणि वाइनची चव कशी घ्यायची ते शिकवायचं. आधी रंग पाहायचा, मग ग्लास हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि शेवटी थुंकून टाकायचा, म्हणजे पुढची चव नीट कळते. या शेवटच्या पायरीसाठी मी टेबलावर.

पण कुणी थुंकेल तर शपथ! एक अकोल्याचे गृहस्थ तर मला बाजूला सारून म्हणाले, "पैसे प्याले देल्ले ना भाऊ, थुकाले नाई देल्ले." पाहुणे घोट गिळायचे, पुन्हा ग्लास पुढे करायचे आणि माझ्यात शेंगदाण्याची टरफलं टाकायचे. एकाने वाइन पिण्याआधी तोंडातला खर्रा तेवढा माझ्या स्वाधीन केला. सईदाबींनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी विचारच सोडून दिला होता. माणसांनी भरलेल्या टेबलावर मी एकटी पडले होते.

त्या टेबलाशी माझ्यासारखंच एकटं आणखी एक माणूस होतं. त्याचं नाव श्याम.

वाइन श्यामच करायचा आणि संध्याकाळी पाहुण्यांना तोच फिरवायचा. हे काम तो नाशिककडे शिकला होता आणि कामाबरोबर प्यायलाही तिथेच शिकला. गावी परतला तो पुरता बुडालेला. बायको अपेक्षा मुलीला घेऊन बडनेऱ्याला वडिलांकडे निघून गेली. मग हा अमरावतीच्या दवाखान्यात राहिला आणि त्याने दारू सोडली. पण हातात कसब होतं ते एवढं एकच, म्हणून नितेशकडे लागला. टाकी-टाकीतली वाइन रोज तोंडात घेऊन पाहिल्याशिवाय ती तयार झाली की नाही हे कळत नाही. म्हणून श्याम रोज घोट घ्यायचा, घोळवायचा आणि माझ्यात थुंकायचा. एक थेंब घशाखाली जाऊ द्यायचा नाही.

पितळ आंबटाने खराब होतं म्हणून त्याने मला आतून कल्हई करून आणली. सकाळी टाक्यांपाशी जाताना काखेत घेऊन जायचा, संध्याकाळी टेबलावर आपल्या उजव्या हाताशी ठेवायचा. किती दिवसांनी मला कुणीतरी आपलं म्हणून जवळ घेतलं होतं! त्याचा घोट येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा आणि आला की मी निश्वास टाकायचे. तो दारू पीत नाही हे साऱ्या जगात खात्रीने सांगू शकणारी मी एकटी होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

दर रविवारी पाहुणे गेले की तो ग्लास विसळता विसळता अपेक्षाला फोन लावायचा. हात ओले, म्हणून फोन माझ्याशेजारी टेबलावर ठेवलेला. दोघांचं बोलणं मला लख्ख ऐकू यायचं.

"मी घेत नाई आता, अपेक्षा."

"दारूच्या टाकीपाशी राहून?"

"तोंडात घेतो, चव पाह्यतो, थुकून देतो. कामच तसं आहे."

"थुकून देतो म्हने! मांजर दुधाची चव पाहून थुकते काय? काम सोडा, मंग या आमाले घ्याले."

"काम सोडून दारू सोडली त्यात काय मोठं? इथं राहून नाई घेत मी. एकडाव येऊन पाह्य तं खरं."

"मले नाई पाहाची कोनाची थुंकी," म्हणून ती फोन ठेवून द्यायची. मग श्याम राहिलेले ग्लास विसळून पालथे घालायचा. त्याचा हट्ट होता की तिने यावं, डोळ्यांनी पाहावं आणि मग विश्वास ठेवावा. तिचा हट्ट होता की त्याने आधी हे सोडावं. मला दोघंही बरोबर वाटायची, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

हंगाम संपत आला तेव्हा नितेशच्या मनात एक नवीन खूळ आलं. म्हणाला, "श्यामभाऊ, टेबलावर पिकदानी पाह्यली की लोकाईले शिसारी येते. फोटो खराब होतात." आणि त्याने माझ्यात पाणी भरून शेवंतीची फुलं खोचली.

"मंग मी कुठं थुकू?" श्यामने विचारलं.

"तुमचं काय, मळा पडला आहे एवढा मोठा!"

लोक मला पाहून "किती सुंदर फुलदाणी!" म्हणू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक होत होतं आणि मी आतून कासावीस होत होते. श्याम आता घोट घेऊन पहिल्या रांगेमागे जायचा, थुंकून परत यायचा. रोज त्या चार पावलांत त्याच्या मनाशी काय झगडा चालत असेल, ते मला दिसत नव्हतं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी बडनेऱ्याहून बायकांचा एक घोळका आला. भिशीच्या मैत्रिणी. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी धुळीपायी तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसत होते. श्यामने त्यांना मळा दाखवला, टेबलाशी आणलं, रंग सांगितला, वास सांगितला आणि घोट तोंडात घेतला. त्याच क्षणी समोरच्या बाईने तोंडावरची ओढणी सोडली. ती त्याची बायको होती, अपेक्षा.

"कसे आहात?" तिने विचारलं.

श्यामच्या तोंडात घोट. वेलींकडे जायची वाट तिच्या मैत्रिणींनी अडवलेली, मावळता सूर्य ग्लासात धरून त्या फोटो काढत होत्या. ज्या बायकोने यावं म्हणून तो झुरला, ती हाताच्या अंतरावर उभी होती आणि त्याला साधं "बरा आहे" म्हणता येत नव्हतं. गिळलं की बोलता येणार होतं. एवढंच करायचं होतं. कुणाला कळलंही नसतं, सगळे गिळतच होते.

"मी विचारून राहिली ना काही?" ती म्हणाली. "बोला की."

त्याने ग्लास टेबलावर ठेवला. गळ्याची घाटी वर सरकली. मी फुलांच्या ओझ्याखाली तळमळत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मी आहे इथे, तुझ्या उजव्या हाताशी! अपेक्षाचा चेहरा उतरला. ती मैत्रिणींकडे वळली आणि म्हणाली, "चाला वं, झालं पाहून."

तेव्हा श्यामने हात घातला. माझ्यातली सगळी फुलं मुठीत धरून उपटली. ठेवायची कुठे ते सुचेना, म्हणून पाणी गळत असलेली ती फुलं त्याने अपेक्षाच्याच हातात कोंबली, माझ्यावर वाकला आणि थुंकला. सगळा घोट, शेवटच्या थेंबापर्यंत. मी तो घेतला. तोंड पुसत तो म्हणाला, "बरा आहो. तू कशी आहे?"

बायका खो खो हसल्या. कुणी "शी!" केलं. नितेशने कपाळाला हात लावला. अपेक्षा मात्र हसली नाही. ओल्या ओढणीनिशी ती पुढे आली, फुलं टेबलावर ठेवली आणि दूध नासलंय का ते पाहावं तशी वाकून माझ्यात पाहू लागली.

"रोजच असं?"

"रोज."

"खरंच थुकता म्हनजे तुमी." ती खूप हळू बोलत होती. "मले वाटे, लबाडी करता म्हून राग होता माह्या मनात. हे खरं आहे तं मले जास्त भेव वाटते. रोज तोंडात घ्याचं अन रोज थुकाचं, हे काय जगनं आहे? एखांद्या दिवशी थुकाचं राहून गेलं तं?"

श्यामला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "आजच राहून जात होतं."

"माहीत आहे मले. पाह्यलं मी," ती म्हणाली. तिने ओढणी पुन्हा तोंडाला गुंडाळली आणि मैत्रिणींबरोबर गाडीत जाऊन बसली. जाताना वळून पाहिलं की नाही, ते मला टेबलावरून दिसलं नाही. ती कायमची गेली असं समजून मी त्या संध्याकाळी फार रडवेली झाले होते.

सकाळी श्यामने नितेशला काम सोडत असल्याचं सांगितलं. नितेशने परोपरीने विनवलं, पगार वाढवतो म्हणाला, टेबलावर फुलं पुन्हा ठेवणार नाही म्हणाला. श्याम म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाई, भाऊ. मलेच आता कोनाले काही दाखवाचं नाई." मग त्याने मला चिंचेने घासलं, अगदी सईदाबी घासायच्या तसं, आणि भांडारघरातल्या फळीवर पालथं घातलं. पिशवी खांद्याला लावली आणि एसटी गाठायला निघाला. बडनेऱ्याचं दार त्याच्यासाठी उघडलं का, मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते माझ्याशी बोलत नाहीत.

आता मी इथेच असते. टेबलावर काचेची फुलदाणी आली आहे. नवा माणूस पाहुण्यांना फिरवतो, हसवतो आणि घोट मजेत गिळतो. संध्याकाळी हसण्याचे आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतात. माझी कल्हई काळवंडत चालली आहे, बुडाशी कोळ्याने घर केलंय. खरं सांगते, एकटेपणा फार सोसवत नाही. अचलपूरच्या घराची आठवण पुसट झाली, पण श्यामची होत नाही. त्याच्या काखेतली ऊब मला अजून आठवते.

वाचकहो, माझं एकच मागणं आहे. मला घरी नेऊ नका, घासूही नका. कधी बडनेऱ्याकडे गेलात आणि हा माणूस भेटलाच, तर माझी आठवण त्याला करून देऊ नका; माझ्यामागून त्या घोटाचीही येईल. शनिवारी कुणी भांडारघराची कडी काढली की माझा जीव धडधडतो. सगळ्या जगात मला हवासा वाटणारा तो एकच माणूस आहे, आणि दार उघडेपर्यंत मी देवाला विनवत असते की तो नसू दे.