श्वासातून निघालो आणि मोजला गेलो

मित्रांनो, मी एक डोळ्यांना न दिसणारा, अगदी ताजा कण आहे. माझे नाव कार्बन मोनॉक्साइड. नाव ऐकताच मागे सरकलात ना? धूर, बंद खोली, विषारी वायू, ते सगळे खरे आहे. पण माझा जन्म धुरात झाला नाही. तो झाला दोन दिवसांच्या एका मुलीच्या प्लीहेत, डाव्या बरगड्यांच्या आड!

तिथे थकलेल्या लाल पेशी मोडीत निघतात. त्यांच्यातला लाल रंग एक विकर कात्रीसारखे कापते. त्या कापातून लोखंड सुटते, ते शरीर पुन्हा वापरते. एक रंगद्रव्य निघते, ते पुढे पिवळे होते. आणि तिसरा मी. माझी कितीतरी भावंडे शरीरातच कामाला लागतात. कोणी रक्तवाहिनीच्या भिंतीला सैल व्हायला सांगते, कोणी सूज आवरते, कोणी मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवते. मला मात्र फुप्फुसाची वाट मिळाली आणि मी निघालो तेव्हाच बाहेर गडबड उडाली होती.

मुलगी काविळीने पिवळीधमक झाली होती. डॉक्टरबाई तिच्या आईला सांगत होत्या, "रक्तातल्या पेशी भराभर फुटत असतील तर रक्त बदलावं लागेल. नसतील तर निळ्या दिव्याखाली ठेवून भागेल. श्वास मोजला की लगेच अंदाज येईल."

कारण ते पिवळे रंगद्रव्यही माझे भावंडच; त्याच्या प्रत्येक कणाबरोबर माझ्यासारखा एक कण जन्मतो. ते भावंड अंगात रेंगाळते, मी श्वासातून निघून जातो. आम्हाला मोजले की किती पेशी फुटल्या ते कळते.

सिस्टरनी आधी यंत्राला खोलीतली हवा दाखवली, म्हणजे तेवढी वजा करता येते. मग मुलीच्या नाकाशी बारीक नळी धरली. आकडा भलताच चढला. आईने पाळण्याची कड घट्ट धरली. डॉक्टरबाईंनी रक्त मागवायला फोन उचलला.

सिस्टर मात्र हवा हुंगत उभ्या राहिल्या. "हा धुराचा वास कुठून येतोय? खिडकी कोणी उघडली?"

"मी," मुलीची आत्या म्हणाली. "आत्ताच, तुम्ही नळी धरत होता तेव्हा. म्हटलं, पोरीला चांगली हवा मिळू दे."

खिडकीखाली रुग्णवाहिका घरघरत उभी होती. तिचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पैलवान म्हणत, आत बसून पेपर वाचत होता.

"पैलवान, इंजिन बंद करा. तुमची गाडी माझ्या यंत्रात शिरलीय."

"पंख्यासाठी चालू ठेवलंय, सिस्टर. फार उकडतंय."

"मग पेपरानं वारा घ्या. एवढी ताकद कमावलीय ती कशासाठी?"

इंजिन थांबले. आत्याचा चेहरा उतरला. "चांगलं करायला गेले आणि..."

"वन्सं, तुम्ही बसा आधी," आई म्हणाली, पण तिची नजर यंत्रावरच होती.

हवा निवळली. सिस्टरनी यंत्राला ती पुन्हा दाखवली, आणि आमची पाळी आली. मुलीने जांभई दिली. मी फुप्फुसातून सुटलो, नाकातून नळीत, नळीतून सुसाट यंत्रात! पुढे भावंडे, मागे भावंडे, बाहेरच्या उपऱ्यांची गर्दी नाही. आता आमची खरी मोजणी झाली. आकडा खाली आला आणि तिथेच थांबला.

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "पेशी भराभर फुटत नाहीयेत. तिचं यकृत अजून नवखं आहे, पिवळं रंगद्रव्य त्याला लवकर बाहेर टाकता येत नाही, एवढंच. दिवा लावा. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला की पुन्हा बघू."

आई खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

मित्रांनो, मला रंग नाही, वासही नाही. सिस्टरना आला तो धुराचा वास, माझा नव्हे. म्हणून नुसत्या नाकावर विसंबू नका. उभ्या गाडीचे इंजिन बंद करायला सांगा. बंद खोलीत कोळसा पेटवू देऊ नका. शरीर आम्हाला बेताने घडवते, कामाला लावते आणि श्वासाबरोबर निरोप देते. बाहेरून आमची झुंड आत लोटली, तर तेच शरीर गुदमरते. आत्ता हे वाचतानाही तुमच्या उच्छ्वासातून माझी भावंडे बाहेर पडत आहेत. त्यांना जायला वाट असू द्या.