देवघरातली पांढरी चकती

बसूनं हात वर केला, तशी ज्ञानदा सावध झाली; तो काय विचारील याचा नेम नसे. तसा बसू निरुपद्रवी माणूस. दुधनीचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला, मनात आलं की विचारून मोकळा. ख्रिस्ती धर्म समजून घ्यायला चर्चच्या मागच्या खोलीत जी चार-पाच मोठी माणसं जमत, त्यांत मोठ्यानं बोलणारा तो एकटाच.

"फादर, रविवारी ती पांढरी चकती देता की, ती घरला नेली तर चालतंय का? आमच्या म्हातारीला लई हौस हाय प्रसादाची."

फादर अनीश एरवी हसून उत्तर द्यायचे. आज हसले नाहीत. "नाही बसू. तो प्रसाद नव्हे. आमच्यासाठी ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं आणि तिथल्या तिथं खायचं. तुम्ही कुणी अजून रांगेत यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

पहिल्या दिवशी ज्ञानदा आलीच नव्हती. शाळेत पेपर तपासत बसली होती. आणि परवा रविवारी, गर्दीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, सगळे उठले तशी तीही उठली. देवीच्या पुजाऱ्याची मुलगी ती. रांगेत उभं राहून उजवा हात पुढे करायला तिला कुणी शिकवायला नको होतं. हातावर चकती पडली तशी तिनं ती रुमालात बांधली. घरी आई असताना प्रसाद एकटीनं खायचा म्हणजे काय? घरी आल्यावर मात्र कुठला प्रसाद हे सांगायची छाती होईना. मग तिनं ती देवघरातल्या चांदीच्या डबीत ठेवली. पवित्र वस्तू दुसरीकडे कुठं ठेवणार, सांगा!

वर्ग सुटल्यावर तिनं फादरना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं ती जास्तच घाबरली. "चुकून झालंय, त्याची भीती नको," ते म्हणाले. "पण आजच परत आणून द्या. आणि कुणाच्या हाती लागू देऊ नका."

कुणाच्या म्हणजे कुणाच्या, हे ज्ञानदाला वेगळं सांगायला नको होतं. तिचा थोरला भाऊ हृषीकेश करमाळ्याला देवीच्या सेवेत होता. राहतं घर त्याच्या नावावर. ओळखीतली एक मुलगी चर्चमध्ये जाते असं कळल्यावर तो ताटावरून उठून म्हणाला होता, "आपल्या घरात असं झालं तर आईला त्याच दिवशी करमाळ्याला नेईन. तोंड बघू देणार नाही." हृषीकेश बोलला की करतो. आणि ज्ञानदाला आईवाचून दुसरं कोण होतं? बाबा गेल्यापासून तिला घरच्या देवापुढे बसवेना. सोबतच्या एका शिक्षिकेच्या अंत्यविधीला ती या चर्चमध्ये आली आणि मागच्या बाकावर पोटभर रडली. कुणी उठ म्हटलं नाही. तेवढ्यासाठी ती येत राहिली. त्याची एवढी किंमत पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

स्कूटी लावताना तिला दारात हृषीकेशच्या चपला दिसल्या. तो तर गुरुवारी येणार होता. किल्ली स्कूटीलाच ठेवून ती आत गेली.

देवघरात हृषीकेश सोवळं नेसून बसला होता. चांदीची डबी त्याच्या हातात होती, उघडी. चिंचेनं घासून तो ती लखलखीत करत होता.

"आलीस? देवघराची काय दशा करून ठेवलीय गं. आरतीला ये."

एवढंच. त्याच्या आवाजात काही होतं की नव्हतं, हे तिला समजेना. ती जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याला धरून उभी होती. ज्ञानदाला बघताच तिनं मनगट घट्ट पकडलं.

"डबीत तू ठेवलंस ना ते?" आई कुजबुजली.

ज्ञानदानं मान हलवली.

"देवघर घासायला काढतो म्हणून तो पाय धुवायला गेला, तेवढ्यात मी उघडून पाहिलं. मधे क्रूस होता, ज्ञानदा. मला दिसला."

"कुठंय ते, आई?"

"त्याची पावलं वाजली. टाकू कुठं? देवाचं म्हणून ठेवलंस, केरात कसं टाकू?" आईनं पदरानं ओठ पुसले. "खाल्लं मी."

 बाप्तिस्मा झालेल्यांनीच, हे फादरचे शब्द ज्ञानदाच्या कानात वाजत होते. उभ्या जन्मात अंघोळीशिवाय चहाही न घेतलेली बाई ही. तिनं लेकीसाठी ते तोंडात घातलं होतं, कळून सवरून.

"मला काही होईल का गं?" आईनं विचारलं. "आणि कोपलाच, तर कोण कोपेल? आपला की तुझा?"

याचं उत्तर कुठल्याच वर्गात सांगितलं नव्हतं. ज्ञानदा म्हणाली, "कुणी नाही कोपणार, आई." आणि तिचाच आवाज तिला खोटा वाटला.

घंटा वाजली. दोघी जाऊन हृषीकेशच्या मागे उभ्या राहिल्या. आरती सुरू झाली. मध्येच त्यानं मान वळवून पाहिलं.

"टाळ्या वाजवा की," तो म्हणाला.

आईनं ज्ञानदाचा हात सोडला नाही.