ढमीचं पोट

घरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत कायम वाफ दाटलेली असायची. आत येणारं माणूस आधी आवाजाने कळायचं, चेहरा मागाहून उमटायचा. एका कडेला वाळलेल्या चादरींचा ऊबदार ढीग असे आणि शाळेतून आलेली ढमी त्यावर पालथी पडून काही ना काही चघळत असे. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. तान्हेपणी तिचे गाल बघून आत्याने ढमी म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"ही पोरगी एक दिवस चादरीपण खाईल," बाबा म्हणायचे.

म्हणूनच त्या दिवशी तिने अर्धं केळं परत दिलं, तेव्हा आईचा इस्त्रीवरचा हात थबकला.

"पोट दुखतंय," ढमी म्हणाली.

"नक्की कुठे?"

ढमीने सगळ्या पोटावरून हात फिरवला. "असं सगळीकडे. आत कोणीतरी सामान हलवतंय."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. काउंटर तीच सांभाळायची आणि घरातल्या आजारांचं निदानही तीच करायची. "जंत झालेत, दुसरं काय!" तिने तिथूनच निकाल दिला. बाबांना गणिताच्या परीक्षेचा संशय आला. सगळे हसले, ढमीसुद्धा कसनुशी हसली. आणि हसता हसताच चादरींवर ओकली.

मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले, ताप चढला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोटाचा संसर्ग म्हणून औषध आणि पाण्यात घालायची पावडर दिली. पण ताप औषधाला दाद देईना. गोळीने जरा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ढमीचे डोळे लालबुंद झाले, ओठ फुटले, पोटावर फिकट लाल पुरळाची नक्षी उमटली. तापाच्या गुंगीत ती हळू आवाजात बोलायची.

"आई, खिडकीतून चादरी चालल्यात. त्यांना थांबव ना."

"थांबवते हं," आई म्हणायची आणि खरंच खिडकी लावून घ्यायची. तिचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. घर जरासं जमिनीवरून उचललं गेलंय, भांडी, खुर्च्या, माणसं सगळी अलगद तरंगतायत, असं तिला वाटत राही.

शेवटी बाबांनी ढमीला उचललं आणि ते तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या सर्जननी तिचं पोट तपासलं. उजवीकडे खाली बोटं दाबताच ढमी किंचाळली.

"अपेंडिक्सची शंका आहे," ते म्हणाले. "तिला काही खायला-प्यायला देऊ नका. कदाचित आजच ऑपरेशन करावं लागेल."

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर राखाडी ढग सरकत होते. हेच आपल्या लेकीचं पोट, हे आईला खरं वाटेना. ढमी तिच्या पोटात होती तेव्हाही एकदा तिने असेच ढग पाहिले होते आणि ते पाहून हसत घरी आली होती.

सर्जननी रिपोर्ट दोनदा वाचला. "आतड्याला सूज आहे, आतल्या गाठी वाढल्यात, थोडं पाणीही झालंय. अपेंडिक्स मात्र नीट दिसत नाही. आणि हे डोळे, हे पुरळ... मला हे चित्र जुळत नाहीये. कापण्याआधी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी हिला बघावं."

डॉक्टरीणबाई आल्या. बोलणं संथ, हात गरम. त्यांनी ढमीची जीभ पाहिली, तळहात उलटसुलट केले, मान चाचपली. मग आईकडे वळून विचारलं, "गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी, ताप?"

"सगळ्यांनाच होता की," बाबा म्हणाले. "साथच होती. आम्ही तिघं आडवे झालो होतो."

"आणि ही?"

"हिला काहीच नाही," आई म्हणाली. "दोन शिंका दिल्या असतील. उलट आमच्या वाटचंही हीच खात होती."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या म्हणून आईही बसली.

"त्या साथीचा विषाणू हिच्याही अंगात येऊन कधीच निघून गेला असणार. पण काही मुलांच्या शरीराला ते कळत नाही. ते अजून त्याला शोधत फिरतं, आणि त्या भरात स्वतःच्याच अवयवांना सूज आणतं. खूपदा सुरुवात पोटापासून होते, म्हणून अगदी अपेंडिक्ससारखं दिसतं. हृदयावरही परिणाम होऊ शकतो, ते आत्ताच बघू."

रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय किंचित दमलं होतं. ऑपरेशन रद्द झालं. सर्जन स्वतः येऊन सांगून गेले आणि जाताना ढमीच्या अंगावरचं पांघरूण नीट करून गेले. सूज उतरवणारी औषधं शिरेतून सुरू झाली.

दुपारी वॉर्डात पडदे हलायचे. नळीतून औषध थेंबाथेंबाने उतरायचं, आणि आईला वाटायचं की बाहेरचं जग फार लांब, पाण्याखाली कुठेतरी चालू आहे. तिथे आत्या एकटी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांवर खेकसत असेल. अशाच एका दुपारी ढमीच्या कपाळाला घाम फुटला. आईने हात लावला. कपाळ गार होतं. तिने खात्री करायला बाबांचाही हात तिथे ठेवला. दोघांचे हात एकमेकांवर कितीतरी वेळ तसेच राहिले.

घरी आल्यावर मात्र नवीनच त्रांगडं झालं. पोट बरं होत होतं, पण ढमी खायला घाबरू लागली. खाल्लं की दुखतं, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. ताट समोर आलं की डोळे भरायचे. बाबांनी विनवलं, आत्याने लाडीगोडी लावली, मग दम भरला, मग स्वतःच पदराने डोळे टिपले. आईने तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"मागे लागू नका," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं, तिला हवं तेव्हा. तिचं पोट आणि ती, दोघांची पुन्हा ओळख व्हायला वेळ लागेल. आणि हृदयाला आराम हवा, मी सांगेपर्यंत धावणं बंद."

त्यानंतर आईने ताट वाढणंच सोडलं. ती नुसती शेजारी बसून आपलं जेवायची. एका दुपारी ती उकडलेला बटाटा मीठ लावून खात होती.

"मला नुसता वास दे," ढमी म्हणाली.

आईने हात पुढे केला. ढमीने वास घेतला. मग मीठ चाटलं. मग नखाएवढा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि दोन्ही हात पोटावर ठेवून, डोळे मिटून वाट पाहत बसली. आईनेही चावणं थांबवलं. दाराशी आत्या काहीतरी विचारायला आली होती, ती तशीच चौकटीला धरून राहिली.

"काही झालं नाही," ढमी डोळे उघडून म्हणाली. जरा नवल वाटून म्हणाली.

"आणखी हवाय?"

"थांब. विचार करते."

आई थांबली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत पार कोपऱ्यात गेलं, तोवर ढमीने अर्धा बटाटा संपवला होता. उरलेला तिने आत्याच्या हातात ठेवला. आत्याने तो उभ्या उभ्याच खाल्ला आणि मीठ कमी आहे, असं घोगऱ्या आवाजात सांगून ती बाहेर गेली.