तिसरी गोळी

"फ्रेमला हात लावशील तर याद राख," दादा म्हणाला.

धाकटी स्टुलावर चढलीच होती. काउंटरपलीकडे तीन गिऱ्हाईकं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. भिंतीवर चौदा वर्षं तिचं फार्मासिस्टचं नोंदणीपत्र काचेत टांगलेलं होतं, आणि त्या एका कागदावर भावाचं मेडिकल दुकान चालत होतं. तो कागद नुसता शोभेचा नव्हता. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत ती स्वतः तिथे उभी असायची. आता छत्तिसाव्या वर्षी तिला औषधशास्त्रात एम.फार्म.ला प्रवेश मिळाला होता, आणि विद्यार्थिनी दुसरीकडे कामाला नाही असं कॉलेजला लेखी हवं होतं.

"मग दे लिहून, कामाला नाही म्हणून. बघायला कोण येतंय?" दादा म्हणाला.

"खोटं लिहून देऊ?"

"चौदा वर्षं घरचं खाताना खरंखोटं सुचलं नाही ते!"

"खाल्लं तसं राबलेही. दुसरा माणूस बघ म्हणून सहा महिने कानीकपाळी ओरडतेय."

एका गिऱ्हाइकाने हळूच चिठ्ठी खिशात घातली आणि काढता पाय घेतला. धाकटीने फ्रेम उतरवली, ओढणीने पुसली आणि काखेत मारली.

"या वयात उंदरांवर प्रयोग शिकून कुणाचं भलं करणारेस? त्या उंदरांचं?" दादा दात-ओठ खात म्हणाला.

"उंदरांचं तर वाटोळंच करायचंय."

हसलं कुणीच नाही. दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत एकोणीस दिवस शटर खाली राहिलं. तेव्हापासून दादा तिच्याशी फक्त वहिनीमार्फत बोलू लागला. ती समोर बसलेली असली तरी म्हणायचा, "तिला सांग, पंखा बंद कर."

कॉलेजात तरी कुठे पायघड्या घातल्या होत्या! वर्गातली बाविशीची पोरं तिला काकू म्हणत. तिची गाइड तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत ती म्हणाली, "बाई, इथे गिऱ्हाईक नाही. 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' एवढ्यावर भागत नाही इथे." पोरं खिदळली. धाकटीने मान खाली घालून तारीख लिहिली.

दुसऱ्या सहामाहीतल्या एका तासाला गाइडने फळ्यावर किडनीत शिरणारी आणि बाहेर पडणारी रक्तवाहिनी काढली. दुखण्याची गोळी आत येणारी वाट आवळते. रक्तदाबाची एक जातीची गोळी बाहेरची वाट सैल सोडते. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आल्या, त्यातून माणूस म्हातारा असला, की किडनीत रक्त गाळायला जोरच उरत नाही. दहा मिनिटांत फळा पुसून गाइड पुढच्या मुद्द्याकडे वळली. धाकटीचं पेन मात्र जागच्या जागी थांबलं.

बाबांना रक्तदाबाची गोळी डॉक्टरने दिली होती. पाय सुजायचे म्हणून दुसरी, लघवी वाढवणारी, तीही त्यानेच दिली. तिसरी, दुखण्याची लाल गोळी मात्र कुणाच्याच चिठ्ठीवर नव्हती. सहा वर्षांपूर्वी ते गुडघा धरून दुकानात आले, तेव्हा तिने स्वतः पट्टी कापून ती त्यांच्या हातावर ठेवली होती. मग रोज दोन घ्यायचा पायंडाच पडला.

"बाबा, ती लाल गोळी आजपासून बंद," घरी गेल्यागेल्या ती म्हणाली. "आणि उद्या रक्त तपासून घेऊ."

बाबांनी उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात काढला होता. गुडघे तिथेच कामातून गेले होते. "का? कोण म्हणतं?"

"किडनी खराब होते त्याने."

दादा ताटावरून उठला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलला. "म्हणजे मी बापाला विष घालतोय?"

"तू नाही. मी सुरू केलीय ती."

"मग सहा वर्षं तोंडाला कुलूप होतं? आधीची पदवी काय उगाच घेतलीस?"

याचं उत्तर द्यायलाच हवं होतं. "तेव्हाही शिकवलं होतं," ती म्हणाली. "परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले."

"ऐकलंत बाबा? आता कॉलेजात जाऊन आठवलं बाईसाहेबांना!"

बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. "त्याच्या दुकानाची फ्रेम नेलीस. आता माझी गोळी नेणार. मला चालायचंय. किडनी काय चालायला लागते?"

रक्त द्यायला ते तयार झाले नाहीत, आणि दादा गोळी आणून देत राहिला. तेव्हा धाकटीने प्रबंधाला हाच विषय मागितला.

"जुनं आहे हे. मुळात नवीन काय त्यात?" गाइड म्हणाली.

"म्हाताऱ्या उंदरांवर करते, मॅडम. रोजच्या साध्या डोसावर."

"म्हातारे उंदीर कोण देणार तुम्हाला?"

प्राणिगृहाच्या शिपायाने दिले. पैदाशीच्या कामातून निवृत्त झालेले, मोडीत काढलेले नर होते ते, कुणालाच नको असलेले. रोज सकाळी, सुटीच्या दिवशीसुद्धा, ती त्यांना तराजूत तोलायची, टोकाला गोळा असलेल्या वाकड्या सुईने तोंडावाटे पोटात औषध सोडायची आणि वहीत नोंद करायची. अठ्ठावीस दिवस चाललं. एकेक औषध मिळालेले उंदीर तिसऱ्या आठवड्यातही पिंजऱ्याला नाक लावून खाण्याची वाट बघत. तिन्ही मिळालेले कोपऱ्यात पोक काढून बसत. त्यांचे केस विस्कटले होते आणि पाण्याची बाटली तशीच भरलेली असे. किडनी थकली की रक्तात साठणारं क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलं होतं.

गाइडने तक्ता बघितला. "आकडे फार देखणे आलेत. मला नाही पटत. पुन्हा करा."

धाकटीने वहीचं नवं पान उघडलं. पुन्हा अठ्ठावीस दिवस, पुन्हा तेच आकडे. या खेपेला गाइडने वर न बघता सही केली.

त्या तक्त्याची प्रत तिने दादापुढे ठेवली. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

चार दिवसांनी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. वहिनी आली आणि एक कागद तिच्या हातात कोंबून म्हणाली, "काल बाबांना लॅबमध्ये नेलं होतं. साखर बघायची म्हणून सांगितलं. ह्यांना ठाऊक नाही."

एकाच्या आसपास हवं ते क्रिएटिनिन तीन पूर्णांक चार होतं. धाकटीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"रडू नकोस इथे. तुझ्यासाठी नाही केलं," वहिनी म्हणाली. "त्यांचे मोजे मी काढते रोज. सुजलेल्या पायात बोट रुततं."

रिपोर्ट बघितल्यावर दादालाही सोबत यावं लागलं. किडनीच्या डॉक्टरांनी लाल गोळी त्याच दिवशी बंद केली आणि बाकीच्या बदलल्या. गेलं ते सगळं परत यायचं नाही, म्हणाले, पण आणखी सहा महिने गेले असते तर डायलिसिसच्या मशीनवरच घ्यावं लागलं असतं. दादाने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर वहिनीला म्हणाला, "वय झालंय त्यांचं. तिला सांग, एवढं मिरवायला नको."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध चाळला आणि टेबलावर आपटला. "हे पाठ्यपुस्तकात आहे, बाई. तुम्ही दोन वर्षं काय शोधलंत?"

गाइडने खिडकीबाहेर नजर वळवली.

"पाठ्यपुस्तकात आहे, सर," धाकटी म्हणाली. "आमच्या काउंटरवर नव्हतं."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुढचा प्रश्न विचारला. ती पास झाली. दारात गाइड म्हणाली, "उत्तर चढेल होतं." अभिनंदन मात्र तिने केलं नाही.

घरी बाबा खुर्चीत बसले होते. घरात आणखी कुणी नव्हतं.

"झालीस पास?"

"झाले."

"माझे पाय घेऊन झालीस." थोडा वेळ ते गुडघे चोळत राहिले. मग आवाज उतरला. "एक गोळी दे. एकच. कुणाला सांगत नाही मी."

"नाही, बाबा. दुसरी देते, ती चालेल. शेक पण देते."

"त्या दुसरीने ढिम्म फरक पडत नाही. एकच माग‌तोय, लाल."

"नाही."

"वैरीण आहेस," ते म्हणाले, आणि खुर्चीचे हात दाबून उठले. बाथरूम अकरा पावलांवर होतं. तिने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला आणि भिंत धरली. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, दातांतून श्वास ओढायचे, मग दुसरं. धाकटी त्यांच्या मागोमाग निघाली. तिचे दोन्ही तळवे त्यांच्या पाठीपासून वीतभर दूर, उघडे होते. न शिवता, त्यांच्याच चालीने ती चालत राहिली.